सातासमुद्रापलीकडची झडती

पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की विदर्भातल्या गावागावांत झडत्या सुरू होतात. एक गडी पुढे येतो, हात वर करतो आणि यमकं जुळवत, एका दमात कुणाची तरी उतरवतो. कधी सावकाराची, कधी पटवाऱ्याची, कधी सोसायटीच्या अध्यक्षाची, तर कधी निवडून गेल्यावर गावाकडे न फिरकलेल्या आमदाराची. शेवटी महादेवाचं नाव घेऊन सगळे गरजतात आणि दुसऱ्या बाजूचा गडी उत्तर द्यायला सरसावतो. सूर जेमतेम, सगळा भार शब्दांवर. शब्द नेमका बसला की गर्दी उसळते, अडखळला की हुर्यो.

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातलं सौंदड याच मुलखातलं. जवळून वाहणारी चुलबंद नदी, धानाच्या बांध्या, मुंबई-कोलकाता महामार्ग आणि बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात नॅरोगेज म्हणून पडलेली, पुढे नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालेली गोंदिया-बल्लारशा लाइन. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात. रात्र-रात्र दंडार, खडी गंमत आणि नाटकं चालतात. अशा मुलखातल्या पोराला रॅप म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज पडत नाही. ठेका मशीनचा आहे आणि महादेवाचं नाव नाही, एवढाच काय तो फरक.

रॅपमधला एक प्रकार मात्र या झडत्यांत नाही. परमुलखात राहणाऱ्या माणसाने आपल्या कातडीबद्दल, नावाबद्दल, विमानतळावर थांबवलं गेल्याबद्दल केलेली तक्रार. भारतीय वंशाच्या गायकांनी लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोत राहून अशी गाणी बरीच केली. ती ऐकताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. परदेशी गेल्यावर आपल्यातल्या काही लोकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की जन्मावरून माणसाला खाली ढकलता येतं. काहींना ते घरूनच ठाऊक होतं. उलट बोटीतून उतरल्यावर काही काळ तरी त्यांना त्याचा विसर पडला. दोघांची कातडी सारखीच, पण दोघांचं गाणं एक होऊ शकत नाही. या दोन गाण्यांचा इतिहास रॅपच्या जन्माआधी बराच मागे जातो आणि त्यातली महत्त्वाची वळणं मराठी मुलखात आहेत.

रॅपचा जन्मही स्थलांतरितांच्या वस्तीतलाच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांना पैसे हवे होते, म्हणून तिकीट लावलं. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. तो जमैकातल्या किंग्स्टनचा. १९६७ मध्ये बाराव्या वर्षी ब्राँक्समध्ये आलेला. किंग्स्टनच्या गल्ल्यांत भलेमोठे स्पीकर लावून, रेकॉर्डीवर बोलत नाचवायची रीत होती. तीच त्याने न्यूयॉर्कमध्ये आणली आणि गाण्यातला फक्त ढोलाचा तुकडा दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा वाजवून लांबवला. त्या तुकड्यावर जे बोललं गेलं, त्यातून रॅप वाढला. जमैकातून आलेल्या पोराचा ठेका, ब्राँक्समधल्या काळ्या आणि पोर्टोरिकन पोरांचे शब्द. परमुलखात राहणं हा या संगीताचा विषय नंतर झाला असं म्हणता येत नाही. ते त्याचं भांडवलच होतं.

त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केली. फुले अमेरिकेला गेले नव्हते. पण शूद्रातिशूद्रांची अवस्था आणि काळ्या गुलामांची अवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहता येते, हे त्यांना समुद्र न ओलांडता दिसलं. जे गेले, त्यांना ते दिसलंच असं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिंदी माणूस म्हणजे लाकूडगिरण्यांत आणि शेतांत राबणारा पंजाबी मजूर. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने या मजुरांच्या खोल्यांत घुसून त्यांना मारहाण केली आणि शेकडोंना गाव सोडायला लावलं. त्याच काळात त्या किनाऱ्यावर वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे शिकत होते. ते पुढे गदर चळवळीत गेले, मग मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलं. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना भिंतीवर रंगवलं. शेवटी ते नागपूरला परतले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. खानखोजे मजुरांत मिसळले. शिकलेला हिंदी माणूस आणि लाकूड वाहणारा हिंदी माणूस गोऱ्याच्या नजरेत एकच, हा धडा त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच तरुणांना त्या किनाऱ्यावर मिळाला.

सगळ्यांनी तो धडा घेतला नाही. भगतसिंग थिंद नावाच्या, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेल्या पंजाबी माणसाने नागरिकत्वासाठी खटला लढवला. त्या वेळच्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळे. थिंदच्या बाजूने मांडणी झाली ती अशी: आपण उच्चजातीय आर्य, म्हणजे वंशाने गोरेच, आणि अमेरिकी गोरा निग्रोशी सोयरीक करायला जसा धजत नाही, तसाच उच्चजातीय हिंदू आपल्या देशातल्या मूळ रहिवाशांशी करत नाही. दोघांचा तुच्छभाव सारखा, म्हणून दोघे सारखे! १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. सामान्य माणसाच्या समजुतीत हिंदू गोरा नाही, असा निकाल लागला आणि आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येकांचंही ते काढून घेतलं गेलं. परदेशातल्या भारतीयांच्या वंशभेदाविरुद्धच्या तक्रारीची ही एक मोठी कागदी नोंद. ती वंशभेदाविरुद्ध नव्हतीच. आपल्याला चुकीच्या रांगेत उभं केलं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आजही काही गाण्यांत मला हाच सूर ऐकू येतो.

थिंद खटल्याच्या दहा वर्षं आधी, जुलै १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती, कोलंबिया विद्यापीठात प्रवेश होता. विद्यापीठ मॉर्निंगसाइड हाइट्सवर आणि लगतचं हार्लेम त्याच वर्षांत काळ्यांची वस्ती म्हणून भरत चाललेलं. आंबेडकर वसतिगृहात राहिले, सगळ्यांच्या टेबलावर जेवले, ग्रंथालयात रात्री काढल्या. मे १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेच्या उगमावरचा निबंध तिथल्या परिसंवादात वाचला आणि मग लंडन गाठलं.

पुढचा प्रसंग परतल्यानंतरचा आहे. १९१७ मध्ये नोकरीसाठी ते बडोद्याला गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत घेणार नाहीत हे माहीत. म्हणून पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला पारशांचा घोळका दारात आला आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगून गेला. ही हकीकत त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे आणि तिच्यात एक कबुली आहे: युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती परत आली.

परदेशावरच्या सगळ्या गाण्यांचा नेहमीचा क्रम इथे उलटा झालेला दिसतो. तिथे गायक घरी ‘कुणीतरी’ असतो, विमानतळावर ‘कुणीही’ होतो, आणि मग आईच्या हातचं जेवण आठवत रडतो. आंबेडकरांच्या हकिकतीत घर हीच झडतीची जागा आहे. न्यूयॉर्कमध्ये ते निर्धास्त हिंडले, बडोद्यात खोटं नाव सांगावं लागलं. अर्थात अमेरिका म्हणजे स्वर्ग असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. काळ्यांच्या स्थितीचा त्यांचा अभ्यास होता. १९४६ मध्ये त्यांनी काळे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळलं, त्याच्या प्रती हव्या होत्या. आपल्या लोकांसाठी तसंच काही करता येईल का, हे पाहायचं होतं. ३१ जुलै १९४६ या तारखेचं ड्यू बॉइसचं उत्तर आलं: तुमचं नाव ठाऊक आहे आणि अस्पृश्यांबद्दल मला सहानुभूती आहे. दोन छोटी पत्रं, पुढे त्यातून मोठं काही घडलं नाही. तरी पत्ता कुणाचा शोधला, हे महत्त्वाचं.

या माणसाचं सौंदडच्या मुलखाशी थेट नातं आहे आणि ते पराभवाचं. १९५४ मध्ये आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. दोन जागांच्या त्या मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. प्रकृती ढासळलेली असताना हा प्रचार झाला. अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. निवडणुकीत त्यांना न निवडणाऱ्या जिल्ह्यात आज गावोगाव त्यांचा निळा झेंडा आणि पंचशील ध्वज दिसतो. इतिहास मतपेटीतच मोजायचा असता, तर या मुलखाबद्दल फार चुकीचं लिहिलं गेलं असतं.

तो झेंडा गावात आला तो गाण्याच्या पाठीवर बसून. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डकांची गावोगाव पायपीट, नागपूरच्या नागोराव पाटणकरांच्या कव्वाल्या. जुन्या तमाशातला गण-गौळणीचा साचा घेऊन त्यातला मजकूर बदलणं, हे काम जलशाने केलं. कलगी-तुऱ्याच्या फडात सवाल-जवाब होत, शक्ती थोर की शिव थोर म्हणून रात्र-रात्र भांडण चाले. जलशाने ते भांडण जमिनीवर आणलं. पाणवठ्यावर कुणाचा हक्क, देवळात कोण जाणार, मुलीला शाळेत का घालायचं, यावर सवाल-जवाब झडू लागले. रॅपचे अभ्यासक ब्राँक्सचं मूळ शोधत पश्चिम आफ्रिकेपर्यंत जातात; आपल्याकडचं मूळ शोधायला एवढं लांब जावं लागत नाही.

स्थलांतराचं मराठी गाणंही याच शाहिरीतून आलं. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून चालत मुंबईला आलेले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. गावी राहिलेली बायको, शहरात पोट भरायला गेलेला गडी आणि त्या विरहातून निघालेलं राजकारण, ही चाकरमान्याची जोडणी पुढे कुठल्याही मराठी गाण्याला तितकी साधली नाही. १९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. मांग जातीत जन्मलेल्या, शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या शाहिराला तिथे लेखक म्हणून मान मिळाला. परदेशी घट्ट झालेली ओळख म्हणायची तर ती अशी.

१९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत दलित पँथर काढली. नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतलं. पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात तो संबंध उघड सांगितला. १९७२ मध्येच ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. एकीकडे ब्राँक्स, एकीकडे कामाठीपुरा, वर्षाचं अंतर. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्याला फार ओढू नये. पण अमेरिकेतला मजकूर मराठीत पोहोचवणारे लोक होते, हा योगायोग नव्हता. नागपूरकडचे म. ना. वानखेडे साठच्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात शिकून आले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि निग्रो लेखक वाचा म्हणून दलित लेखकांच्या मागे लागले. ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघालं, पुढे गंगाधर पानतावण्यांनी ते ‘अस्मितादर्श’ म्हणून चालवलं. जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलं. वानखेडे परदेशी राहून आले. त्यांनी तिकडच्या हवापाण्याची वर्णनं केली नाहीत, वाचायच्या पुस्तकांची यादी आणली.

तोवर विलायतेत दुसरं गाणं तयार होत होतं. बर्मिंगहॅमचा स्टीव्हन कपूर, आईबाप जालंधरकडचे, जमैकन शेजारात वाढलेला. ‘अपाची इंडियन’ या नावाने त्याने नव्वदच्या सुरुवातीला रेगे आणि भांगडा एकत्र केला. १९९३ मध्ये तो भारतात आला तेव्हा गर्दी लोटली. कॅलिफोर्नियात ‘कर्मसी’ नावाच्या गटाने गुजराती आणि इंग्रजीत दोन भावांचा संवाद रॅपमध्ये केला; एक अमेरिकेला गेलेला, एक मागे राहिलेला. कराचीत जन्मून कॅलिफोर्नियात वाढलेल्या बोहेमियाने २००२ मध्ये आपला पहिला पंजाबी रॅप अल्बम काढला, त्याचं नावच परदेशावर होतं. त्याआधीच ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला हिमांशू सुरी, म्हणजे हीम्स, जवळच्याच शाळेत शिकत होता. हल्ल्यानंतर दाढी, पगडी, आडनाव सगळं संशयाचं झालं. त्यावर त्याने गाणी केली. पुढे ब्रिटिश-पाकिस्तानी नट रिझ अहमदसोबत ‘स्वेट शॉप बॉइज’ या नावाने २०१६ मध्ये अल्बम काढला, त्यात विमानतळावरच्या झडतीवर एक गाणं आहे. चांगलं आहे. हिंदू पंजाबी आणि मुसलमान पाकिस्तानी एका रांगेत उभे. फाळणीने जे तोडलं ते अमेरिकी सुरक्षारक्षकाने जोडलं!

ही गाणी खरी आहेत. त्यांतला अपमान खोटा नाही. पण त्यांच्यात एक जागा कोरी आहे. कॅनडा-विलायतेतल्या पंजाबी पॉपमध्ये वंशभेदाची तक्रार आणि ‘जट्ट’ जातीचे असल्याची मिरवणूक शेजारी शेजारी नांदते. गोऱ्याने खाली पाहिलं तर अन्याय, आपण खाली पाहिलं तर परंपरा. ही कोरी जागा भरली ती व्हिएन्नात, आणि रक्ताने. २४ मे २००९ रोजी तिथल्या पंजाबी दलितांच्या रविदास मंदिरात हल्ला झाला, संत रामानंद मारले गेले. तिकडची गोळी इकडे जालंधरला पेटली, दंगली झाल्या. पुढच्या वर्षी रविदासिया धर्म वेगळा असल्याची घोषणा झाली. आणि ‘चमार’ हा शब्द छाती पुढे काढून उच्चारणाऱ्या गाण्यांची लाट आली. जालंधरची गिन्नी माही त्याच लाटेवर पुढे आली. युरोपात सगळे तपकिरीच, मग देवळात बंदूक कुणी कुणावर रोखली? कातडीवरच्या गाण्याकडे याचं उत्तर नव्हतं.

तमिळ रॅपर अरिवूकडे होतं. मार्च २०२१ मध्ये आलेलं ‘एन्जॉय एन्जामी’ कोट्यवधी लोकांनी ऐकलं, नाचलेही. त्यामागची कथा अरिवूच्या आजीची. वल्लीअम्माळ श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकापासून तमिळ मुलखातले भूमिहीन मजूर, त्यांत दलित पुष्कळ, सिलोनच्या डोंगरांवर नेले. त्यांनी जंगल तोडून मळे उभे केले. देश स्वतंत्र झाला आणि १९४८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व नाकारलं. १९६४ मध्ये सिरिमाओ बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला, आणि लाखो माणसं इकडच्या वाट्याला किती, तिकडच्या वाट्याला किती, अशी मोजून वाटली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेली कुटुंबं ‘मायदेशी’ परतली, जिथे त्यांची जमीन नव्हती आणि जात मात्र वाट पाहत होती. परदेशावरच्या रॅपमध्ये या गाण्याइतका मोठा ऐवज दुसरा मला दिसत नाही. यात विमानतळ नाही, व्हिसा नाही. आहे ते लावलेलं झाड आणि त्याची सावली दुसऱ्याला.

पुढचं नाट्य गाण्याला शोभेल असंच झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर या गाण्याची गायिका धी आणि श्रीलंकन तमिळ वंशाचा कॅनेडियन रॅपर शान व्हिन्सेंट डी पॉल झळकले, गाणं लिहिणारा अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजितने जाहीर विचारलं, हे कसं? मासिकाने मग अरिवूसाठी वेगळं मुखपृष्ठ केलं. २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणं अरिवूशिवाय सादर झालं. तो तेव्हा अमेरिकेत होता. आजीच्या वनवासाचं गाणं स्टेडियममध्ये वाजतंय आणि नातू परदेशात बसून आपण ते लिहिल्याचं इन्स्टाग्रामवर सांगतोय.

विदर्भाकडे येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. माध्यमांना ती बातमी वाटायला आठवडे लागले. नागपूर-अमरावतीची पोरं रस्त्यावर आली तेव्हा कुठे कॅमेरे वळले. त्या वर्षी जी मुलं शाळेत होती, ती पुढे मोबाइलवर बीट डाउनलोड करून लिहू लागली. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर स्वतःला ‘१०० आरबीएच’ म्हणवतो. शंभराला ‘सौ’ म्हटलं की नाव आपोआप पूर्ण होतं. अमरावतीचाच विपीन ताताड आंबेडकरी भाषेत रॅप करतो. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने आदिवासींच्या जंगलावर बोलते. मुंबईच्या ‘स्वदेशी’ गटाने आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन वारल्यांवर गाणं केलं. २०१९ मध्ये ‘गल्ली बॉय’ आला आणि धारावीच्या रॅपला बॉक्स ऑफिस मिळालं. जातीचा मजकूर मात्र त्या चित्रपटाने दाराबाहेरच ठेवला. तो ‘कोर्ट’ या चित्रपटात आधीच येऊन गेला होता. तिथे शाहिराची भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली होती, आणि ती करताना त्यांना फार अभिनय करावा लागला नसावा. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले.

आमदाराची उतरवणाऱ्या झडतीला पोळ्याच्या दिवशी माफी असते. रॅपला ती नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर राजकारण्यांवरच्या रॅपसाठी गुन्हे दाखल झाले. तोरणाखाली बोलायचं तेच यूट्यूबवर बोललं, एवढाच अपराध.

मग परदेश कुठे आहे यात? ओडिशातल्या कोरापूटचा सुमीत सामोस जेएनयूत शिकताना जातीवर रॅप करू लागला. ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला, फीचे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली आणि २०२१ मध्ये तो गेला. त्याचं पुस्तक नागपूरच्या ‘पँथर्स पॉ’ने काढलं, योगेश मैत्रेय चालवतात ते प्रकाशन. नांदेडच्या वस्तीत वाढलेले सूरज एंगडे जोहान्सबर्गला पीएच. डी. करून हार्वर्डला गेले. जात आणि वंश एका तराजूत घालणाऱ्या इसाबेल विल्करसनच्या पुस्तकावर एव्हा डुव्हर्नेने २०२३ मध्ये ‘ओरिजिन’ चित्रपट केला, त्यात ते स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका अर्पणपत्रिकेत सुरू झालेला संवाद आता दोन्हीकडून चालू झाला आहे.

२०२३ मध्येच कातडीच्या आणि जातीच्या, अशा दोन्ही गाण्यांची समोरासमोर गाठ पडली. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जात घातली. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. विरोध करायला आलेलेही भारतीय आणि बाजूने बोलायला आलेलेही. विरोधकांचं म्हणणं होतं, अशा कायद्याने प्रत्येक हिंदू माणूस गोऱ्यांच्या नजरेत संशयित ठरेल. ही भीती कातडीची आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. बेलिंगहॅमपासूनचा इतिहास तिच्या पाठीशी आहे. पण बाजूने बोलणारे ज्या साहेबाबद्दल बोलत होते, तो गोरा नव्हता. कॅलिफोर्नियाने तसंच विधेयक संमत केलं. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबरला त्यावर नकाराधिकार वापरला. आठवड्याभराने, धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेला, मेरीलँडमधल्या अकोकीक इथे आंबेडकरांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. मूर्तिकार राम सुतार, मूळ धुळे जिल्ह्यातले.

मराठी रॅपमध्ये हा प्रसंग यायचा आहे. उत्तर अमेरिकेतली मराठी मंडळं १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली जमतात, अधिवेशनं भरवतात, नाट्यसंगीत आणि लावणी ऐकतात. आंबेडकर जयंती बहुधा दुसऱ्या सभागृहात, दुसऱ्या लोकांची असते. इकडे महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी, दरवर्षी ७५ जागा. यादी लागली की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत गावाच्या नावासह फोटो छापून येतात. परदेशावरचा पहिला चांगला मराठी रॅप कुणी लिहिणार असेल, तर तो या यादीतल्याच कुणाचा असेल, न्यू जर्सीच्या गणेशोत्सवातून येणार नाही, अशी माझी पैज आहे. आणि त्यात आईच्या हातच्या जेवणावर एखादं कडवं असलं, तरी पुढचं कडवं जेवायला सोबत कोण बसलं आणि कोण उठून गेलं, यावर असेल.